मदत हवी आहे : पत्र्याच्या सभागृहात बैठक आणि व्याख्यान

मंडळी, बेळगावच्या शहापूर भागात जुलैत एकाच संध्याकाळी तासभर व्याख्यान आणि मग गायनाची बैठक आहे. सभागृह साधारण ४० बाय २५ फूट, फरशी गुळगुळीत, वर पत्रा. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच, म्हणजे श्रोते कानाने तयार. आवाज बिघडला की लगेच कळणार!

घुमण्यामुळे वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळतात. मागच्या भिंतीला जाड पडदे, खाली जाजम, आणि माइक तोंडापासून वीतभर, एवढं ठरलंय. गवयासमोरचा मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर) माइकच्या पाठीमागच्या बाजूलाच ठेवणार, नाहीतर शिट्टी वाजते. स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, आवाज कमी.

खरी अडचण तबल्याची. दमट हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडते, स्वर उतरतो. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेला तबला अर्ध्या तासात खाली येतो. मंचाजवळ साधा बल्ब लावून कोरडेपणा टिकतो का? की वाद्यं आधी दोन तास तिथेच ठेवावीत?

जाड पडदे भाड्याने टिळकवाडीत की शहापुरात मिळतील? आणि भैरवीनंतर खानापूरकरांना परतीची बस असते का?