धामणीचं लाकूड मिळत नाही, मग धनुष्याला बोर की सुबाभूळ?

मोहोळकर: २८ इंच ओढल्यावर ३५ पौंडांच्या आसपास जोर लागेल असं अखंड लाकडाचं धनुष्य करायचंय. सोलापुरातल्या वखारींत धामणीचं लाकूड काही मिळालं नाही. बांधावर बोर, सुबाभूळ, वेडी बाभूळ आहे. यातलं काय तोडू? सुतार म्हणतो, सागाची फळी घ्या.

पाचर_पहार: फळीचा नाद सोडा. करवतीनं रेषा (लाकडाचे उभे धागे) तिरकी कापली गेली असली की ओढताना पाठीवर, म्हणजे नेमाकडच्या बाजूवर, चिलपी उठते आणि तिथंच मोडतं. पाचरीनं फोडलेलाच ओंडका घ्या. वेडी बाभूळ वाळताना फार आकसत नाही, पण तिचा सहा फूट सरळ बुंधा सापडला तर पेढे वाटा. मी बोर घेईन. घट्ट आणि चिवट. मात्र झाडाच्या नावापेक्षा खोड बघा. सालीच्या भेगा पिळत वर गेल्या असतील तर आतली रेषाही पिळलेली, ते सोडा. साल काढताना खालच्या पांढऱ्या लाकडाला कोयता लागू देऊ नका, तीच धनुष्याची पाठ. वर्षाची एकच कडी (खोडातलं वाढीचं वर्तुळ) धरून पाठ काढा हा विलायती सल्ला या झाडांना लागू करणं अवघड, कड्या धड दिसतच नाहीत.

बार्शीचा_रंधा: बोरीबद्दल मान्य, पण पहिलंच धनुष्य असेल तर दादा, सुबाभूळ घ्या. सरळ मिळते, सहज फुटते. लाकूड हलकं, म्हणून लांबी ७० इंच आणि भुजा मुठीजवळ सव्वादोन इंच रुंद ठेवा, टोकाला अर्धा इंच. आधी त्याच खोडाची अर्धा इंच चौरस, फूटभर काडी वाळवून मोडून बघा. लांब धागे निघत मोडली तर ठीक; खटकन आडवी तुटली तर सरपण.

मोहोळकर: आत्ता एप्रिलात तोडलं तर?

पाचर_पहार: हिवाळ्यात तोडा. आपल्या उन्हात टोकं तासाभरात तडकायला लागतात. कधीही तोडा, दोन्ही टोकांना आणि सोललेल्या पाठीला लगेच फेविकॉलचा जाड हात द्या. साल ठेवलीत तर भुंगा लागतो, खाली पीठ सांडलेलं दिसेल. धनुष्याचा ढोबळ आकार काढून सावलीत वाळवा, दर आठवड्याला वजन करा; वजन उतरायचं थांबलं की कामाला घ्या. उभं झाड पाडणार असाल तर परवानगीचं आधी विचारून घ्या.

बार्शीचा_रंधा: तोलताना, म्हणजे दोन्ही भुजा सारख्या वाकतील असं खरवडताना, घाई नको. जाडी दहावा हिस्सा उतरवली की ताकद पाव भागाहून जास्त जाते. कानस फक्त पोटाकडून (ओढणाऱ्याकडची बाजू), पाठीला हात नाही. दरवेळी थोडं खरवडून वीस-तीस वेळा अर्धवट ओढा, मगच पुढचा इंच. एका जागी जास्त वाकत असेल तर तिथं थांबा, बाकीची भुजा खरवडा. नाहीतर पोटावर आडव्या बारीक चुण्या पडतात, त्या परत जात नाहीत. पाठीवरच्या गाठीभोवतीचं लाकूड सपाट करू नका, उंचवटा तसाच राहू द्या.