मदत हवी आहे: वाघाच्या धसक्यावर ॲक्युपंक्चर (सुया टोचून करायचा उपचार) कोणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी. आम्ही सिंदेवाही तालुक्यातले. एप्रिलात माय मोहफुलं वेचायला गेली होती. सोबतच्या बाईला तिच्या डोळ्यांदेखत वाघानं नेलं. तेव्हापासून अंगणात पाचोळा वाजला तरी मायचं लुगडं घामानं भिजतं, हातातलं टोपलं सुटतं. आधी देवऋषी झाला (दोन कोंबडे गेले). मग जिल्ह्याच्या डॉक्टरांनी मानसिक आघातानंतरचा आजार सांगून गोळ्या दिल्या. आता झोप लागते, पण दचकणं तसंच.

नागपूरचा मामेभाऊ म्हणतो, तिच्या कानात सुया टोचून पाहा. दोन्ही कानांत पाच-पाच सुया, अर्धा-पाऊण तास शांत बसायचं. अमेरिकेत १९७० च्या दशकात व्यसनमुक्तीसाठी ही पद्धत निघाली, पुढे युद्धावरून परतलेल्या सैनिकांवरही वापरली गेली.

गोळ्या चालू ठेवून सुया चालतात का? कोणाला फरक पडला असेल तर किती वेळा टोचल्यावर? चंद्रपूर-नागपूरकडे महाराष्ट्र ॲक्युपंक्चर कौन्सिलची नोंदणी असलेलं कोणी माहीत आहे का? सुयांसोबत कोणी चिनी जडीबुटीच्या पुड्या दिल्या, तर त्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मायला देणार नाही. एका खेपेला दिवसाची मजुरी बुडते, म्हणून आधी विचारतोय.

माय म्हणते, "सुईनं वाघ जाते काय रे बापा?"