१६८८ ची राज्यक्रांती 'रक्तहीन' नक्की कुणासाठी?

जुना फळा (धागाकर्ता)

वीस वर्षं इतिहास शिकवतोय. इंग्लंडची १६८८ ची राज्यक्रांती आली की फळ्यावर 'रक्तहीन' हा शब्द मोठ्या अक्षरात लिहायचा, खाली दोन रेघा मारायच्या. दुसरा जेम्स फ्रान्सला पळाला, विल्यम आणि मेरी गादीवर बसले, १६८९ मध्ये हक्कांची सनद झाली, पार्लमेंट राजाच्या वरचढ ठरलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं की पुढचा धडा. अलीकडे या क्रांतीचा अटलांटिकपलीकडचा हिशेब वाचत गेलो आणि आता तो शब्द लिहायला हात धजत नाही.

माझं म्हणणं असं की राजाचे हात बांधले गेले तेव्हा वसाहतींतल्या मळेवाल्यांचे आणि इंग्लंडातल्या व्यापाऱ्यांचे हात मोकळे झाले, आणि त्या मोकळ्या हातांनी गुलामांचा व्यापार वाढवला.

रॉयल आफ्रिकन कंपनीचं उदाहरण घ्या. १६७२ ची राजाची सनद. कंपनीचा प्रमुख खुद्द जेम्स, तेव्हाचा ड्यूक ऑफ यॉर्क. पकडून आणलेल्या माणसांच्या अंगावर 'डीवाय' अशी अक्षरं तापल्या लोखंडाने उमटवत, त्याच्याच पदवीची. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून माणसं भरायचा मक्ता या एकाच कंपनीकडे. दुसऱ्या कुणाचं जहाज त्या किनाऱ्यावर सापडलं तर माल आणि जहाज जप्त. बार्बाडोस आणि जमैकाचे मळेवाले सतत ओरडत होते की गुलाम कमी येतात आणि महाग पडतात.

जेम्स पळाला आणि या मक्त्याची हवाच गेली. १६८९ मध्ये न्यायालयाने ठरवलं की केवळ राजाच्या सनदेच्या जोरावर कुणाची मालमत्ता जप्त करता येणार नाही. निकाल वाचायला किती छान! मग खासगी व्यापाऱ्यांनी पार्लमेंटकडे अर्जांमागून अर्ज केले, आणि त्या अर्जांची भाषा स्वातंत्र्याची होती. आफ्रिकेशी मुक्त व्यापार हा इंग्रज माणसाचा हक्क आहे, मक्तेदारी म्हणजे जुलूम आहे, असं ते लिहीत होते. १६९८ मध्ये पार्लमेंटने कायदा केला: किनाऱ्यावरच्या किल्ल्यांच्या खर्चापोटी दहा टक्के भरा आणि खुशाल व्यापार करा. ब्रिस्टलची जहाजं या धंद्यात उतरली, पुढे लिव्हरपूलची. अठराव्या शतकात तर ब्रिटिश जहाजं इतर सगळ्या देशांना मागे टाकून गेली.

ज्याला आपण स्वातंत्र्याचा विजय म्हणून शिकवतो त्यानेच हे दार उघडलं. माझं कुठे चुकत असेल तर दाखवा.

उत्तरायण

असहमत. एका कंपनीच्या खातेवहीवरून अख्ख्या क्रांतीचा निकाल लावताय.

बोस्टनला चला. जेम्सने मॅसॅच्युसेट्सची जुनी सनद रद्द झालेली पाहून आजूबाजूच्या वसाहती एकत्र बांधल्या, 'डोमिनियन ऑफ न्यू इंग्लंड' नावाखाली. वर एडमंड अँड्रॉस हा गव्हर्नर, डिसेंबर १६८६ मध्ये येऊन बसला. निवडून आलेली सभा बंद. गावसभा वर्षातून एकदाच घ्यायची. लोकांच्या कसत्या जमिनीच्या कागदांवर शंका काढली गेली, नव्याने सनदा घ्या आणि दरसाल सारा भरा म्हणून. आपल्याकडच्या शेतकऱ्याला सातबारा रद्द झाला असं सांगितलं तर जे होईल तेच तिथे झालं.

१६८७ मध्ये तिथल्याच इप्सविच गावाने सभेच्या संमतीवाचून बसवलेला कर वसूल करून द्यायला नकार दिला. त्यात पुढे होते तिथले पाद्री जॉन वाइज. त्यांना तुरुंगात टाकलं, ५० पौंड दंड केला. इंग्रजांचे हक्क जगाच्या टोकापर्यंत तुमच्यामागे येतील असं समजू नका, असं त्यांना तिथे ऐकवण्यात आलं. हे वाक्य विसरू नका. सगळा झगडा त्याच एका मुद्द्यावर होता.

आणि १८ एप्रिल १६८९ ला, लंडनहून एकही हुकूम आलेला नसताना, इंग्लंडातल्या सत्तापालटाच्या नुसत्या बातमीवर बोस्टनचे लोक हत्यारं घेऊन रस्त्यावर आले आणि गव्हर्नरलाच कैद केलं. पंचाऐंशीच्या घरातल्या सायमन ब्रॅडस्ट्रीट या जुन्या गव्हर्नरला पुन्हा पुढे बसवलं. हे लोक गुलामांचे सौदागर म्हणून उठले नव्हते. जमीन, कर आणि मत यासाठी उठले. त्यांना तुम्ही ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांच्या पंगतीला कसे बसवता?

मीठभाकर

दोघेही चाळीस वर्षं उशिरा पोचलात. वसाहतींचा फासा पलटला तो ३० जानेवारी १६४९ नंतर, पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं तेव्हा.

राजाला मारल्यावर व्हर्जिनिया, बार्बाडोस, बर्म्युडा आणि अँटिग्वा यांनी मुलाचं, दुसऱ्या चार्ल्सचं, राज्य मानलं. पार्लमेंटने १६५० मध्ये त्यांच्याशी व्यापारच बंद केला. त्यावर बार्बाडोसच्या असेंब्लीने फेब्रुवारी १६५१ मध्ये जाहीरनामा काढला. आशय असा: ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, त्याचे कायदे आम्ही का पाळायचे? अमेरिकन क्रांतीच्या सव्वाशे वर्षं आधी! पार्लमेंटने सर जॉर्ज आयस्क्यू याचं आरमार पाठवलं, बेटाची नाकेबंदी झाली आणि जानेवारी १६५२ मध्ये ऑइस्टिन्स इथे तह झाला. तहात मळेवाल्यांनी लिहून घेतलं की आमच्या असेंब्लीच्या संमतीशिवाय कर नाही.

आता हे मळेवाले कोण? नुकतेच तंबाखू-कापूस सोडून उसाकडे वळलेले. १६६१ मध्ये याच बेटाच्या असेंब्लीने गुलामांचा कायदा केला. मालकाने शिक्षा करताना गुलाम मेला तर त्याला जवळजवळ काही विचारायचं नाही, असा. तो कायदा पुढे जमैकाने उचलला, कॅरोलिनानेही. १६८० च्या सुमारास त्या बेटावर गोरे साधारण २० हजार आणि गुलाम ३८ हजारांच्या वर होते. कराला नाही म्हणणारी सभा आणि हा कायदा लिहिणारी सभा एकच. त्यामुळे जुना फळा यांचा मुद्दा बरोबर, साल चूक.

अजून एक. राजा विरुद्ध पार्लमेंट या यादवीत हरलेल्यांचं काय झालं तेही बघा. डनबार आणि वुस्टरच्या लढायांत पकडलेले स्कॉटिश कैदी बोटीत भरून न्यू इंग्लंडला आणि इतरत्र धाडले. आयर्लंडमधून तर इतके नेले की 'बार्बाडोस करणे' असं क्रियापदच रूढ झालं. १६५९ मध्ये राजाच्या बाजूच्या काही इंग्रजांनी पार्लमेंटला अर्ज केला की आम्हाला खटला न चालवता बार्बाडोसला नेऊन विकलं, माणशी सुमारे १५५० पौंड वजनाच्या साखरेच्या भावाने. नाण्यात नाही, साखरेत! खासदारांना तेव्हा घाम फुटला, कारण उद्या सत्ता उलटली तर आपल्यावरही हीच पाळी येणार. त्याच बेटावर राबणाऱ्या आफ्रिकी माणसांसाठी मात्र त्या चर्चेत कुणी उभं राहिलं नाही.

जुना फळा

१६५९ चा अर्ज मला माहीत नव्हता, मनापासून आभार. साल मागे न्यायला माझी हरकत नाही. तुम्ही १६५१ च्या नौकानयन कायद्याचाही उल्लेख करायला हवा होता. डच जहाजांना वसाहतींचा व्यापार बंद केला तो राजाशिवायच्या पार्लमेंटने, आणि १६६० मध्ये राजा परत आल्यावर त्याने तो कायदा फेकला नाही, उलट अजून आवळला. साखर, तंबाखू, कापूस, नीळ, आलं इंग्लंड आणि इंग्रजी वसाहती सोडून कुठे न्यायचं नाही. लंडनमध्ये माणसं बदलली, वसाहतींच्या गळ्यातला फास तोच राहिला.

ओला रुमाल

मेरीलँडबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात. तिथे १६४९ मध्ये सहिष्णुतेचा कायदा झाला होता, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांना पूजेची मोकळीक. १६८९ मध्ये जॉन कूड आणि त्याच्या साथीदारांनी प्रॉटेस्टंट विल्यमच्या नावाने सत्ता घेतली. मग कॅथलिकांना सरकारी पदं बंद, आणि १७१८ मध्ये मतदानाचा हक्कही गेला. 'स्वातंत्र्याची क्रांती' तिथल्या कॅथलिक घरांत कशी आठवत असतील?

उत्तरायण

मेरीलँडचं दुःख खरं आहे, नाकारत नाही. पण मूळ मुद्द्याला उत्तर अजून आलेलं नाही. जेम्स गादीवर राहिला असता तर गुलामगिरी कमी झाली असती का? त्याच्या कंपनीनेच १६८० च्या दशकात वर्षाला सुमारे ५ हजार माणसं नेली. धागाकर्त्याच्या मांडणीत जुलमी राजा नकळत चांगला ठरतो, आणि हे मला सहन होत नाही. मक्तेदारीत दया नव्हती, फक्त जहाजं कमी होती.

दुसरं, भाषा कुणाच्या बापाची नसते. १६८८ च्याच वसंतात पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउन इथे चार वसाहतवाल्यांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. आपल्याशी कुणी असं वागलं तर चालेल का, हा त्यांचा साधा सवाल होता. हक्क, संमती, सभेपुढे अर्ज ही सगळी हत्यारं पुढे गुलामगिरी संपवणाऱ्यांनीच वापरली आणि १८०७ मध्ये व्यापार बंद केला तोही पार्लमेंटनेच.

माझगाव धक्का

मध्येच तोंड घालतो, कारण हे सगळं आपल्या दारापर्यंत आलेलं आहे. १६६१ च्या तहात मुंबई दुसऱ्या चार्ल्सला हुंड्यात मिळाली हे सगळ्यांना ठाऊक. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. डिसेंबर १६८३ मध्ये कंपनीने सैनिकांचा खर्च कापला म्हणून रिचर्ड केग्विन या अधिकाऱ्याने बंड करून मुंबई ताब्यात घेतली, कंपनीविरुद्ध आणि राजाच्या नावाने. त्याने छत्रपती संभाजी महाराजांशी तहही केला. नोव्हेंबर १६८४ मध्ये ते बंड मिटवायला आला तो सर थॉमस ग्रँथम.

हा ग्रँथम कोण? १६७६ मध्ये व्हर्जिनियात नॅथॅनियल बेकनने बंड केलं, जेम्सटाउन जाळलं. बेकन मेल्यावर उरलेल्यांना जानेवारी १६७७ मध्ये शरण आणलं ते याच ग्रँथमने. व्हर्जिनियातल्याच वेस्ट पॉइंटच्या छावणीत गोरे नोकर आणि काळे गुलाम मिळून चारशेच्या आसपास लोक हत्यारं घेऊन बसले होते. ग्रँथमने माफीचं आणि मोकळं करण्याचं आश्वासन दिलं. बरेच पांगले. साधारण ८० काळे आणि २० गोरे ऐकेनात. त्यांनाही गोड बोलून एका होडीत चढवलं आणि होडी नदीत आल्यावर जहाजाच्या तोफा तिच्यावर रोखल्या. मग सगळ्यांना मालकांकडे परत दिलं.

केग्विनला माफी मिळाली. तो पुढे कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर १६९० मध्ये फ्रेंचांशी लढताना मारला गेला, विल्यमच्या नौदलात.

जुना फळा

ग्रँथमची होडी वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ८० आणि २०, एकत्र बसलेले.

उत्तरायण, जेम्स चांगला ठरतो हा आक्षेप मान्य. माझ्या लिहिण्यात तो सूर आला, तो चूक. त्याच्या नावाची अक्षरं माणसांच्या कातडीवर होती हे मीच लिहून मग विसरलो. पण १८०७ चं श्रेय देताना मधली शंभरहून अधिक वर्षं उडी मारून ओलांडू नका. जर्मनटाउनचा कागद क्वेकर पंथाच्या वरच्या सभांकडे गेला, त्यांनी तो 'फार वजनदार विषय' म्हणून बाजूला ठेवला. १६९८ चा अर्ज मात्र कायदा झाला. दोघांची भाषा एक होती, तरी पार्लमेंटने कुणाचं ऐकलं? ज्यांच्याकडे जहाजं होती त्यांचं.

उत्तरायण

'रक्तहीन' काढा, मला चालेल. आयर्लंडमधली १६९० ची बॉयनची लढाई आठवली तरी तो शब्द टिकत नाही. पण 'क्रांती' पुसू नका. आणि इप्सविचच्या पाद्र्याला फळ्यावर एक ओळ तरी द्या.

जुना फळा

देतो. उद्या अकरावीला हाच धडा आहे. १६८७ इप्सविच एका बाजूला आणि १६९८ चा कायदा त्याच्या समोर.