जिप्सी: ५० च्या पुढे घरघर, क्लच सोडताना ‘ठक’. आधी काय उघडावं?

चिखलवाट: १३०० सीसी जिप्सी, २००२ चं मॉडेल. टू-व्हीलमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना) ५० ते ६५ ला घरघर येते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बंद. क्लच सोडताना मागून एकच ‘ठक’. मेकॅनिक सरळ क्राऊन-पिनियन (मागच्या डिफरन्शियलमधले, म्हणजे डिफमधले मुख्य गिअर) बदलायला सांगतोय. त्याआधी घरी काय बघता येईल?

पाना१९: ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. आधी ‘ठक’ बघा, ते फुकटात होतं. चाकांना ओट (अडसर) लावा, गिअर आणि ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) दोन्ही न्यूट्रल. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा फिरता सांधा) दोन्ही बाजूंना शाफ्ट धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये जरासुद्धा खेळ चालत नाही. मग पिनियनचा फ्लॅंज (शाफ्ट डिफला जोडणारी चकती) हलवा: गोल फिरताना थोडी ढिलाई असतेच, पण वर-खाली हलला तर पिनियनचं बेअरिंग गेलं. जिप्सीत तीन शाफ्ट आहेत, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरमधला छोटा लोक विसरतात. ट्रान्सफर केसचे रबर माउंटही बघा; फाटले असले तरी हुबेहूब असंच ‘ठक’ येतं.

दोनडिफ: घरघरीसाठी ५५ चा वेग धरून तिसरा, चौथा, पाचवा टाकून बघा. सूर तोच राहिला तर गिअरबॉक्सचा दोष नाही. मात्र या ट्रान्सफरमध्ये हायलाही (नेहमीच्या वेगाची स्थिती) १.४०९ चं गिअरिंग आहे, थेट जोड नाही. थोडी शिट्टी मूळचीच.
आता मागचा शाफ्ट काढा (आधी फ्लॅंजवर रंगाची खूण करा, नाहीतर बॅलन्स जातो), पुढच्या चाकांचे हब लॉक करून (म्हणजे चाकं जोराला जोडून) फोर-हायमध्ये (चारही चाकांचा हाय गिअर) पुढच्या चाकांवर थोडं चालवा. आवाज गेला तर दोष मागच्या शाफ्टमध्ये किंवा डिफमध्ये. राहिला तर ट्रान्सफरकडे वळा.

चिखलवाट: गाडी स्टँडवर चढवून ऐकलं तर?

पाना१९: चालेल, पण स्टँड चासीखाली नको, अ‍ॅक्सलखाली लावा. अ‍ॅक्सल लोंबला की शाफ्टचा कोन वाढतो आणि नसलेला आवाज ऐकू येतो. मागची दोन्ही चाकं उचला, टू-व्हीलमध्येच ठेवा. तरी जोराखालचा आवाज तिथे नीट येणारच नाही, चाकांवर भार नसतो.

दोनडिफ: डिफचं ऑइल काढताना आधी वरचा फिलर सुटतोय ना ते बघा, मगच खालचा खोला. राखाडी, मऊ लगदा निघाला तर नेहमीची झीज. चकाकणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर तुमचा मेकॅनिक बरोबर. भरताना डिफमध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल, फिलरच्या काठापर्यंत.