यादी कोणाच्या डोक्यात?

परदेशी सहलीच्या तयारीत बॅगा भरतानाच नवरा-बायकोत खटके उडतात, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. बॅग निदान दिसते तरी. खरी चिडचिड न दिसणाऱ्या कामांवरून होते. एक जण (बहुतेकदा तीच) आख्खी यादी डोक्यात घेऊन फिरते आणि दुसरा 'सांग ना, काय करू?' एवढं विचारून मोकळा. सांगत बसणं हेही कामच आहे की!

आम्ही सुटीसुटी कामं वाटण्याऐवजी खातीच वाटून घेतली. कागदपत्रं माझ्याकडे. पासपोर्टची मुदत बाकी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बरेच देश किमान ६ महिने शिल्लक मागतात. शेंगेनसाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) तिथून निघायच्या तारखेनंतर ३ महिने लागतात, शिवाय पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला हवा. लग्नानंतर नाव बदललं असलं, तरी तिकिटावर पासपोर्टातलंच नाव घाला.

घराचं खातं बायकोकडे: बिलं, झाडांना पाणी, फ्रिज रिकामा करणं. शेवटच्या आठवड्यात उरलंसुरलं एकत्र करून जे काही ताटात येतं, त्याला नावं ठेवायची सोय नाही, आणि खरं तर ती जेवणं भलतीच मजेत होतात.

हो, बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो, त्याचं रोमिंग घरी असतानाच सुरू करून घ्या. आणि पॉवरबँक केबिनच्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही.