७१ क्रेडिट आहेत, डिग्री नाही. फॉर्म भरू का?

जर्सीची_सून
नमस्कार मंडळी. सिएटलला होतो तेव्हा कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं कॉलेज) २७ क्रेडिट (कोर्स पास झाला की मिळतात ती) केली, मग इकडे न्यू जर्सीत काउंटी कॉलेजात, म्हणजे इथल्या कम्युनिटी कॉलेजातच, ४४. दोन बाळंतपणांत पुढचं राहून गेलं. डेंटल ऑफिसात बिलिंग बघते. मॅनेजरची जागा निघालीय, पण जाहिरातीत बॅचलर्स डिग्री मागितलीय. बिझनेसची डिग्री घ्यावी म्हणते. ७१ झाली म्हणजे डिग्रीच्या १२० ला ४९च उरली ना? एका ऑनलाइन कॉलेजचा माणूस रोज फोन करतोय, "सगळी क्रेडिट घेतो, आजच भरा." नवरा म्हणतो, भरून टाक.

उशिराचा_पदवीधर
ताई, थांबा. आधी बेरीज. सिएटल वॉशिंग्टन राज्यात. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत क्वार्टर (सेमिस्टरहून छोट्या टर्म) चालतात आणि दीड क्वार्टर क्रेडिटचं एक सेमिस्टर क्रेडिट होतं. तुमच्या २७ ची झाली १८. एकूण ६२, उरली ५८.

आता ते "सगळी घेतो". मी ४६ व्या वर्षी याच वाक्यावर पैसे भरले. माझी ५७ घेतली, खोटं नाही बोलले. पहिलं सेमिस्टर संपल्यावर डिग्री ऑडिट (डिग्रीला काय लागलं, काय उरलं तो तक्ता) छापून घेतलं, तर स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग, सगळी मंडळी 'जनरल इलेक्टिव्ह'खाली, म्हणजे ऐच्छिक विषयांत, ओळीनं बसलेली. तो रकाना भरून वाहतोय आणि मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, कोरा! क्रेडिट घेणं वेगळं आणि ते डिग्रीला लागणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. स्टॅटिस्टिक्सचा जुना सिलॅबस एका ईमेलला जोडलेला सापडला. त्यांच्या कोर्सशी एकेक टॉपिक समोरासमोर मांडून पाठवला, तीन आठवड्यांनी ती ३ क्रेडिट जागेवर बसली. अकाउंटिंगचा सिलॅबस काही मिळेना. मग काय, वीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या माणसानं पैसे भरून पुन्हा डेबिट-क्रेडिट गिरवलं.

त्या माणसाला एवढंच सांगा: कुठला कोर्स कुठल्या रकान्यात बसणार ते लेखी पाठवा, मग बोलू. शिवाय त्यांच्याकडेच किमान किती क्रेडिट करावी लागतात तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ३० असतात.

जर्सीची_सून
बाप रे, क्वार्टरचं डोक्यातच नव्हतं. आणि लाज वाटते सांगायला, सिएटलच्या मॅथला डी ग्रेड आहे, जेमतेम पास.

उशिराचा_पदवीधर
लाज कसली! पण डी सहसा ट्रान्सफर होत नाही, तेव्हा तो धरू नका. एक बरं आहे, बहुतेक ठिकाणी क्रेडिट येतात, जुना जीपीए (ग्रेडची सरासरी) येत नाही. पाटी कोरी.

तुमच्या जागी मी असतो तर उलटा गेलो असतो. काउंटी कॉलेजात परत जाऊन ए.एस. (दोन वर्षांची असोसिएट डिग्री) पुरी करा. न्यू जर्सीत २००७ चा कायदा आहे: इथल्या काउंटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. हातात असेल तर राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत ती पहिली दोन वर्षं म्हणून धरतात. ए.ए.एस. ही नोकरीच्या कौशल्यांची असोसिएट डिग्री, तिला हे लागू नाही, एका ए चा फरक आहे, नीट बघा. सिएटलची क्रेडिट त्यात किती बसतात ते आधी त्यांच्याच ट्रान्सफर ऑफिसला विचारायचं.

रात्रीचा_अभ्यास
क्लेपही बघा, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आत, सेंटरची वेगळी. ८० पैकी ५० आले की बऱ्याच कॉलेजांत ३ क्रेडिट, काही विषयांना ६. मॉडर्न स्टेट्सच्या साइटवर फुकट अभ्यास करून फीचं व्हाउचरही मिळवता येतं. मी मार्केटिंग आणि मॅनेजमेंट असे काढले, पोरं झोपल्यावर. पण कॉलेज कुठले क्लेप घेतं ती यादी बघूनच बसा, आणि ३००-४०० लेव्हलचे, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांचे, कोर्स यातून सहसा सुटत नाहीत.

पुणे_ते_ट्रेन्टन
ट्रेन्टनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे, १९७२ पासून. विचारून बघा. भारतात एखादं वर्ष कॉलेज केलंय का? त्या मार्कशीटचंही कोर्सवार इव्हॅल्युएशन होतं, म्हणजे इथली किती क्रेडिट होतात ते ठरवून मिळतं. फक्त कुठल्या संस्थेचा रिपोर्ट चालतो ते कॉलेजला आधी विचारा, नाहीतर दोनदा पैसे जातात.

जर्सीची_सून
एफ.वाय.बी.कॉम. केलंय की! मार्कशीट आईकडे, ट्रंकेत. आज रात्री फोन करते.

आणि हो, त्या माणसाला लेखी मागितलं. "ते ॲडमिशननंतर होतं, मॅम" म्हणाला. आज फोन नाही आला त्याचा.