मदत हवी आहे : मुलांना बाहेर चालत ध्यान करण्याची ओळख कशी करून द्यावी?

मी सहा वर्षं चालत ध्यान करते. बसून करताना झोप यायची, म्हणून चंक्रमणाकडे, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या चालत ध्यानाकडे, वळले आणि तिथेच रमले. पंधरा-वीस पावलांची सरळ वाट ठरवायची, टोकाला जायचं, थांबायचं, वळायचं, परत यायचं. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं, एवढंच बघायचं. या सवयीने मला फार अवघड दिवसांत सावरलं आहे. मुलांनाही ती कळावी असं मनापासून वाटतं. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा पाचचा.

गेले तीन रविवार आम्ही मोकळ्या मैदानात जातोय. मी माझीच पद्धत सांगितली : अगदी हळू, न बोलता. धाकट्याचा चौथ्या पावलालाच तोल गेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेला. मग तो पळतच सुटला. मोठी शेवटपर्यंत चालली, पण तिची नजर सतत माझ्या चेहऱ्यावर. संपल्यावर म्हणाली, "आई, मी बरोबर केलं ना?"

धाकट्याच्या पळण्यापेक्षा मला हा प्रश्न जास्त लागला. तिच्यासाठी ती परीक्षा झाली होती. तिसऱ्या रविवारी तर दोघांनी आधीच विचारलं, "आज नुसतंच खेळायला जाऊया का?"

मी घाई करतेय का? पाच वर्षांच्या मुलाला यातलं काय आणि किती द्यावं? श्वास मोजायला सांगावं का? मुलांबरोबर हे केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. त्यांचं बाहेर भटकण्याचं सुख माझ्यामुळे हिरावलं जायला नको.

प्रतिसाद १

मी लहान मुलांच्या गटांबरोबर हे बरीच वर्षं करतो. पहिली गोष्ट, हळू चालण्याचा आग्रह सोडा. खूप हळू चालताना तोल सांभाळणं मोठ्यांनाही जड जातं, तुमच्या मुलाचं काहीच चुकलं नाही. झेन या बौद्ध परंपरेतलं किन्हिन, म्हणजे तिथलं चालत ध्यान, बघा : सोतो पंथाचे साधक श्वासागणिक जेमतेम अर्धं पाऊल टाकतात, तर रिंझाई पंथाचे झपाझप चालतात. दोन्ही ध्यानच. अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितलेत : लांबच्या प्रवासाचं बळ, साधनेची चिकाटी, निरोगीपणा, चांगलं पचन आणि टिकून राहणारी एकाग्रता. या पाचांत वेगाचा उल्लेख नाही.

पाच वर्षांच्या मुलाला मी वेळ सांगत नाही, अंतर सांगतो. "या झाडापासून त्या दगडापर्यंत पाय काय सांगतात ते ऐकायचं." पोचला की संपलं, मग हवं तेवढं पळू दे. त्याला गवत, माती आणि फरशीवरून चालवा आणि कुठे गार लागलं, कुठे टोचलं ते विचारा. जागा आधी स्वतः बघून घ्या, काटे-काचा नसतील तरच अनवाणी. घंटीचाही उपयोग होतो. पळता पळता घंटी वाजली की थांबायचं आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकायचं. थांबता आलं की चालणं आपोआप बदलतं.

श्वास मोजायला लावू नका. मुलं मुद्दाम मोठमोठे श्वास घ्यायला लागतात आणि त्यांना गरगरतं. मोठीला फार तर एवढं विचारा की एक श्वास आत येईपर्यंत किती पावलं पडली. दोन पडोत की पाच, श्वास बदलायचा नाही. आणि डोळे उघडे, नजर थोडी पुढे. मिटून ध्यान करायचं ही समजूत मुलांत पक्की असते.

प्रतिसाद २

वरच्या बहुतेक गोष्टी पटल्या. पण मुलीचा प्रश्न घंटीने सुटेल असं वाटत नाही. ती तुमच्याकडे बघते, कारण तुम्ही तिच्याकडे बघताय. माझ्या मुलाबरोबर हेच झालं होतं. मी सूचना देणं थांबवलं आणि त्याचा हात धरून स्वतःचं चालणं सुरू ठेवलं. व्हिएतनामी झेन गुरू थिक न्यात हान्ह यांच्या फ्रान्समधल्या प्लम व्हिलेज या साधना केंद्रातही मुलं मोठ्यांचे हात धरूनच या चालण्यात सामील होत आली आहेत. नंतर "कसं वाटलं?" असंही विचारू नका. सांगायचं असेल तर ती सांगेल. आणि मुलं भांडल्यावर शांत करायला हे कधीच वापरू नका, त्याची शिक्षा होते.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. या रविवारी तसंच केलं. धाकटा झाड ते दगड एकदाच चालला, तेही भरभर, पण दगडाशी थांबून म्हणाला, "माझी टाच आधी टेकते!" मला कोणी काही दिल्यासारखं वाटलं. मग अर्धा तास पळत होता.

मोठीचा हात धरला. पहिल्या दोन फेऱ्या ती माझ्याकडेच बघत होती. तिसऱ्या फेरीत तिने हात सोडला आणि बाजूला स्वतःची वाट धरली. मी मागे वळून बघितलं नाही, हे सगळ्यात कठीण गेलं. तिने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एक शंका उरलीय. तिला आता एकटीनेच चालायचंय आणि धाकट्याला तिच्याच वाटेवर जायचंय. दोघांना वेगवेगळ्या वेळी नेऊ की एकत्रच राहू देऊ?